हळदीकुंकू आटोपले की पुरी : समुद्रकाठच्या एकाच जुन्या हॉटेलात दरवर्षी कसे जावे

भुसावळहून मुंबईचा समुद्र रेल्वेने सुमारे ४४५ किलोमीटरवर आहे आणि नंदुरबारकरांना तर सुरतेकडचा किनारा त्याहूनही जवळ पडतो. तरीही आमचे कुटुंब दर माघात या दोन्ही किनाऱ्यांकडे पाठ फिरवून ओडिशातल्या पुरीला जाते आणि तिथल्या चक्रतीर्थ रस्त्यावरच्या बीएनआर या जुन्या रेल्वे हॉटेलात उतरते. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, भुसावळला रेल्वेत नोकरीला होते आणि ते पहिल्यांदा आम्हांला तिकडे घेऊन गेले तेव्हा मी नववीत होते. त्यानंतर नाना गेले, माझे लग्न झाले, मुले मोठी झाली, परंतु मोजकी वर्षे सोडली तर ही फेरी चुकलेली नाही. असे एखादे ठिकाण आपलेही व्हावे यासाठी काय करावे लागते, असे नात्यातले आणि शेजारचे लोक आता विचारू लागले आहेत. त्यांना तोंडी सांगताना दरवेळी काहीतरी राहून जाते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हॉटेलची निवड

दरवर्षी परतण्याचे हॉटेल निवडताना त्याच्या कीर्तीपेक्षा आपल्या गावापासूनची वाट आधी पाहावी. मुंबईचे ताजमहाल हॉटेल १९०३ च्या डिसेंबरात सुरू झाले, कोलंबोचे गॉल फेस १८६४ पासून समुद्राच्या काठावर उभे आहे, आणि दोन्ही पाहण्यासारखी आहेत यात शंका नाही; परंतु ज्या हॉटेलचा सहा रात्रींचा खर्च दरवर्षी काढताना घरात कुरबुर होणार असेल, तिथे एकदा जाऊन चहा घ्यावा आणि समाधानाने परत यावे. परतण्यासाठी असे हॉटेल हवे की जिथे शक्यतो एकाच गाडीने, मध्ये न उतरता पोहोचता येते, जिथून समुद्रापर्यंत म्हातारी माणसेही पायी जाऊ शकतात, आणि जिथे खोलीबाहेर बसायला सगळ्यांचा मिळून एक व्हरांडा आहे. तिसरी अट मी फार महत्त्वाची मानते, कारण दाराआड राहणारे पाहुणे एकमेकांना कधीच ओळखू लागत नाहीत.

त्याशिवाय, त्या वास्तूशी आपला आधीपासून काही धागा आहे का, तेही शोधून पाहावे. आमचा धागा रेल्वेचा आहे. बीएनआर म्हणजे बंगाल नागपूर रेल्वे. ही कंपनी १८८७ मध्ये स्थापन झाली आणि पुरीचे हे हॉटेल १९२५ पासून तिचे रेल्वे हॉटेल म्हणून चालू झाले. आपल्याकडची जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली होती, त्यामुळे भुसावळहून पुरीला जाणारा माणूस नागपूरपर्यंत जीआयपीच्या जुन्या मार्गावरून जातो आणि नागपूरनंतर बीएनआरच्या. १९५१ मध्ये जीआयपीची मध्य रेल्वे झाली आणि पुढच्याच वर्षी बीएनआरचे नावही रेल्वेच्या नव्या रचनेत विरून गेले, परंतु भुसावळमधल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात जीआयपी जशी अजून येते, तशी पुरीत बीएनआर ही तीन अक्षरे या हॉटेलच्या नावात राहिली. नागपूर स्थानक मागे पडले की नाना खिडकीतून बाहेर पाहत म्हणत, “आता आपण त्यांच्या हद्दीत आलो.” पाहुणा म्हणून जाण्याची सुरुवात आमच्यासाठी तिथूनच होत असे. आपल्या कुटुंबाचा धागा कापसाच्या व्यापाराचा असेल, एखाद्या आजोबांच्या बदलीचा असेल किंवा लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासाचा असेल. तो ठाऊक असला की मुलांना त्या वास्तूविषयी सांगण्यासारखे काहीतरी हाताशी राहते.

तारखेऐवजी तिथी

सगळ्या सूचनांमध्ये मला सर्वांत आग्रहाने सांगायची आहे ती ही, की दरवर्षी जाण्याचा काळ इंग्रजी तारखेने न ठरवता तिथीने ठरवावा. माझ्या माहेरी हा नियम मुळात समुद्रासाठी केलेला नव्हता. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते आणि ते पुरे झाल्याशिवाय माय घराबाहेर पडायला तयार नसे, म्हणून रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी निघायचे, नवमीला पुरीत पोहोचायचे आणि माघ पौर्णिमा तिथे करून प्रतिपदेला परतीची गाडी धरायची, असा क्रम पडला. तोपर्यंत कापसाचा बराचसा माल विकून झालेला असतो, गहू-हरभऱ्याची काढणी अजून लांब असते आणि शाळांच्या परीक्षाही सुरू झालेल्या नसतात, त्यामुळे खानदेशातल्या शेती-नोकरीच्या घरांना हा आठवडा एरवीही सोयीचाच आहे.

नानांच्या पश्चात पहिल्यांदा आरक्षणाची जबाबदारी माझ्यावर आली तेव्हा मी पंचांग बाजूला ठेवले आणि नवऱ्याच्या रजेच्या सोयीने आठवडा ठरवला. तो नेमका अमावास्येचा निघाला. हॉटेल तेच होते, खोली तीच होती, आणि तरीही पहिल्या संध्याकाळपासून काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहिले. जेवणानंतर व्हरांड्यात आलो तर समोर नुसता काळोख होता आणि त्यातून लाटांचा आवाज येत होता. ज्या वेळी आम्ही पाण्यात उतरत असू त्या वेळी आता भरतीची वेळ वेगळी पडत होती. शेजारच्या खोल्यांत एकही ओळखीचा चेहरा नव्हता. घरी येऊन मी नानांची वही काढली तेव्हा लक्षात आले की भरती-ओहोटी चंद्राच्या कलांनुसार चालत असल्यामुळे, ठरावीक तिथीला ठरावीक किनाऱ्यावर भरती दरवर्षी साधारण त्याच सुमारास येते आणि नंतर रोज ती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकत जाते. म्हणजे तिथी धरली की चंद्र तोच मिळतो, भरतीची वेळ तीच मिळते, आणि व्हरांड्यातल्या रात्रीही तशाच मिळतात. तारीख धरली तर यांपैकी काहीच मिळेल याचा भरवसा नाही.

माणसांचेही तसेच आहे. आमच्या शेजारी कोलकात्याचे एक वयोवृद्ध दांपत्य वर्षानुवर्षे उतरत असे. ते सरस्वतीपूजा आटोपून निघत आणि सरस्वतीपूजा असते माघ शुद्ध पंचमीला, म्हणजे रथसप्तमीच्या दोनच दिवस आधी. त्यांनी आणि आम्ही एकमेकांना न विचारता चंद्राचाच आधार घेतला होता, म्हणून आमची गाठ पडत राहिली. त्यांच्यातल्या आजींना मराठी येत नव्हते, मायला बांगला येत नव्हते, परंतु दोघी वेताच्या खुर्च्या शेजारी ओढून घेऊन तासन् तास बसत आणि आपापल्या भाषेत बोलत.

पुरीच्या बाबतीत या आठवड्याचा आणखी एक लाभ सांगते. दुर्गापूजेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत तिथे मोठी गर्दी असते, नाताळ आणि नववर्षाला बंगालमधून अतोनात पाहुणे येतात, आषाढात रथयात्रा असते. रथसप्तमीला, जिला तिकडे माघ सप्तमी म्हणतात, कोणार्कजवळच्या चंद्रभागेच्या किनाऱ्यावर मोठा मेळा भरतो. आपण नवमीला पोहोचतो तेव्हा तो पांगलेला असतो. महिन्यांच्या नावांबाबत गोंधळ होण्याची भीतीही नाही. तिकडचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला, परंतु माघ पौर्णिमा दोन्हीकडे एकाच दिवशी येते, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

आरक्षण आणि खोली

रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते; पूर्वी ही मुदत एकशे वीस दिवसांची होती. हे दिवस आपण जिथून बसतो तिथल्या तारखेपासून मोजले जात नाहीत, तर गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून मोजले जातात. अहमदाबादहून पुरीला जाणाऱ्या गाड्या सुरत, नंदुरबार, भुसावळ, नागपूर अशा मार्गाने येतात; त्या आदल्या संध्याकाळी तिकडून सुटून आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर पोहोचत असतील, तर आरक्षण एक दिवस आधीच खुले झालेले असते आणि हे ठाऊक नसलेला माणूस प्रतीक्षायादीत अडकतो. गाड्यांचे वार ठरलेले असतात, म्हणून वेळापत्रक दरवर्षी नव्याने पाहून घ्यावे. प्रवास एक अख्खा दिवस आणि वर एक रात्र असा होतो. त्यात दोन वेळचे जेवण घरचे असावे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिखट पुऱ्या टिकतात.

हॉटेलचे आरक्षण मात्र रेल्वेच्या आधी करावे आणि ते स्वतः दूरध्वनी करून करावे. संकेतस्थळावरून पैसे भरायला हरकत नाही, परंतु त्याआधी एकदा स्वागतकक्षातल्या माणसाशी बोलावे, आपण गेल्या वर्षी कोणत्या खोलीत होतो ते सांगावे, आणि तीच खोली मिळेल का हे विचारावे. मिळणार असेल तर खोलीच्या क्रमांकासह तसे ईमेलने लिहून मागावे. तोंडी शब्दावर विसंबल्याचा फटका मला एका वेगळ्याच किनाऱ्यावरच्या जुन्या हॉटेलात बसला आहे, ज्याचे नाव मी इथे देणार नाही. फोनवर मला समुद्राकडची खोली सांगण्यात आली आणि प्रत्यक्षात समुद्र फक्त न्हाणीघराच्या झडपेतून दिसत होता. तेव्हापासून “समुद्राकडची खोली” या शब्दांवर मी थांबत नाही; पलंगावर बसून समुद्र दिसतो का, खुर्ची दारात ओढली तर दिसतो का, खाली बाग मध्ये येते का, असे सरळ प्रश्न विचारते, आणि चांगल्या हॉटेलातली माणसे त्यांची सरळ उत्तरे देतात.

जुन्या इमारतीत कोणती खोली घ्यावी याबाबत माझे मत असे आहे की मधली घ्यावी. कोपऱ्यातल्या खोलीला वारा दोन्हीकडून मिळतो हे खरे, परंतु तिला खारही दोन्हीकडून लागतो. जिन्याला लागून असलेल्या खोलीत पहाटे उठणाऱ्यांच्या पावलांचा आवाज येतो. वरच्या मजल्याचा मोह सगळ्यांना असतो. तरी सोबत गुडघे दुखणारे कोणी असेल तर तळमजला बरा, कारण समुद्रावर दिवसातून तीनदा जावेसे वाटते आणि जिना आड आला की ते एकदाच होते. तीच खोली मिळाली नाही म्हणून प्रवास रद्द करणारी माणसे मी पाहिली आहेत. आमची खोली आजवर चारदा बदलली आहे आणि दर वेळी पहिल्या दोन रात्रींनंतर त्याचे काही वाटेनासे झाले.

खारी हवा

आपल्या खानदेशाच्या माणसाला समुद्रकाठच्या हवेची सवय नसते, म्हणून याविषयी थोडे सांगणे आवश्यक वाटते. आमच्याकडे वैशाखात दोरीवर टाकलेले धोतर चहा होईपर्यंत वाळते. समुद्राकाठी हवेतले मीठ प्रत्येक वस्तूवर बसते आणि मीठ ओलावा धरून ठेवते, त्यामुळे टॉवेल दोन दिवस दमट राहतो, बिजागऱ्या गंजतात, चावी कुलपात अडखळते आणि लाकडी दारे फुगतात. नवख्या पाहुण्याला हा हॉटेलचा ढिसाळपणा वाटतो. प्रत्यक्षात इतक्या वर्षांच्या इमारतीची समुद्राशी रोजची झुंज चालू असते आणि आपण सहा दिवस तिचे साक्षीदार असतो.

दाराचेच सांगते. पहिल्या वर्षी आमच्या खोलीचे व्हरांड्याकडचे दार मला उघडेना. मी दोन्ही हातांनी कडी ओढत होते आणि दार खालच्या कोपऱ्यात अडून बसले होते. झाडणारे काका बाहेरून आले, त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि मला खुणेने थांबायला सांगितले. मग त्यांनी कडी धरून दार आधी किंचित वर उचलले, जसे आपण झोपलेल्या मुलाची मान उचलून उशी सारतो तसे, आणि मगच आत ढकलले. दार आवाज न करता उघडले. त्यानंतर कोणत्याही जुन्या दाराला मी जोर लावत नाही. आधी उचलून पाहते.

सामान भरताना म्हणून सुती कपडे एक जोड जास्त घ्यावेत, चांदीचे दागिने घरी ठेवावेत कारण ते काळे पडतात, मोबाइल आणि कॅमेऱ्यासाठी घट्ट झाकणाचा डबा घ्यावा, आणि चष्मा पुसायला ताक गाळतो तसले मऊ जुने फडके ठेवावे. छत्री उन्हासाठीही लागते.

रिकाम्या हाताने जाऊ नये

दरवर्षी येणारा पाहुणा आणि हॉटेलातली माणसे यांच्यात नुसत्या बक्षिसीचे नाते राहू नये असे मनापासून वाटते. बक्षिसी द्यावीच, ती निघण्याच्या दिवशी द्यावी, सगळ्यांसाठीच्या पेटीत एक भाग टाकावा आणि ज्यांनी आपल्यासाठी हातपाय दुखेपर्यंत काम केले त्यांना वेगळे हातात द्यावे, तेही चारचौघांत न दाखवता. भटारखान्यातली आणि धोबीकामातली माणसे समोर येत नाहीत, म्हणून पेटीतला भाग विसरू नये. पण त्याशिवाय आपल्या गावचे काहीतरी न्यावे. केळीचे वेफर्स तर आम्ही नेतोच. एका वर्षी मायने हट्टाने भरताची वांगी नेली, चांगली तीन किलो, बामणोदकडची, फिक्या हिरव्या रंगाची, ओल्या फडक्यात गुंडाळून, आणि सोबत हिरव्या मिरच्या, लसूण, पातीचा कांदा, शेंगदाणे. आम्ही सगळे तिला नको म्हणत होतो.

भटारखान्याच्या दारात तिने टोपली ठेवली तेव्हा मुख्य आचारी बाहेर आले. त्यांनी एक वांगे उचलून अंगठ्याने दाबले, देठ पाहिला, आणि “बाइगण पोडा” एवढेच म्हणाले. ओडिशातही वांगे विस्तवावर भाजून त्याचे भरीत करतात आणि त्याला बाइगण पोडा म्हणतात, हे आम्हांला तोपर्यंत ठाऊक नव्हते. त्यांनी अर्धी वांगी स्वतःच्या पद्धतीने केली, कच्चा कांदा आणि मोहरीचे तेल घालून. उरलेली अर्धी मायला करू दिली. आपल्याकडे पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, काड्यांवर वांगी भाजतात आणि बडगी या लाकडी भांड्यात ठेचतात; तिथे ना काड्या होत्या ना बडगी. मायने मिरच्या आणि लसूण दगडी पाट्यावर वाटले, वांग्याची साल काढताना बोटे भाजली म्हणून ती पाण्यात बुडवत राहिली, आणि आचारी शेजारी उभे राहून तिच्या हाताकडे बघत राहिले. संध्याकाळी नोकरवर्गाच्या पंगतीत दोन्ही भरते शेजारी वाढली गेली. दुसऱ्या वर्षी आम्ही पोहोचलो तेव्हा स्वागतकक्षातल्या माणसाने आमच्या नावाआधी वांग्यांची चौकशी केली. आता आम्ही दरवर्षी नेतो. माघात भरताच्या वांग्यांचा हंगाम असतोच.

दोन-चार शब्द ओडिया शिकून जावे. “केमिति अछन्ति?” म्हणजे कसे आहात, हे आदराने विचारणे आहे आणि ते पहिल्याच दिवशी, सामान खोलीत जाण्याआधी विचारावे. नावे पाठ करावीत. कोणाच्या मुलीची परीक्षा आहे, कोणाच्या घराचे छप्पर व्हायचे आहे, हे लक्षात ठेवून पुढच्या वर्षी विचारावे.

तिथले दिवस

किती रात्री राहावे, असे अनेकजण विचारतात. पाचपेक्षा कमी राहू नये. पहिले दोन दिवस प्रवासाचा शीण आणि देवदर्शन यांत जातात, तिसऱ्या दिवशी कोणार्क पाहावेसे वाटते, आणि समुद्र पाहत नुसते बसणे चौथ्या दिवसापासून जमू लागते. परतणाऱ्या पाहुण्याने मात्र कोणार्क, चिलिका आणि रघुराजपूरची पट्टचित्रे एकाच वर्षी उरकू नयेत. दरवर्षी एकच बाहेरची फेरी ठेवावी आणि उरलेले दिवस हॉटेल आणि किनारा यांतच घालवावेत. जगन्नाथाचे दर्शन आणि आनंदबाजारातला महाप्रसाद आम्ही पहिल्या सकाळी करतो. माय म्हणे, यजमानाला भेटल्याशिवाय त्याच्या गावात हिंडू नये.

सूर्योदयासाठी लवकर उठावे. मुंबई-कोकणात सूर्य समुद्रात मावळतो. इथे हिवाळ्यात तो समुद्रातून उगवतो आणि आपल्या पश्चिमेकडच्या माणसाला ते पहिल्यांदा उलटे वाटते. पौर्णिमेच्या संध्याकाळी चंद्र डाव्या हाताला, जिथे किनारा संपल्यासारखा दिसतो तिकडून वर येतो. त्या वेळी जेवायला बसू नये. जेवण अर्धा तास उशिरा मागावे, कोणी नाही म्हणत नाही.

पाण्यात उतरण्याबाबत मी कठोर आहे. पुरीचा समुद्र पाहायला सुंदर आणि अंगावर घ्यायला अवघड आहे. लाटा किनाऱ्याजवळच फुटतात आणि परतणारे पाणी पायाखालची वाळू ओढून नेते, आतला प्रवाह वरून दिसत नाही. तापीत आणि वाघूरमध्ये पोहलेल्या माणसांनी आपल्या पोहण्याचा भरवसा इथे धरू नये. किनाऱ्यावर नोलिया असतात, म्हणजे मासेमार समाजातले जाणते लोक, ज्यांच्या डोक्यावर पूर्वापार वेताची निमुळती टोपी असते. त्यांचे पैसे ठरवावेत, त्यांचा हात धरून कमरेइतक्या पाण्यापर्यंत जावे आणि ते परत म्हणाले की परतावे. दारू घेतलेल्या माणसाला आणि हट्ट करणाऱ्या मुलाला पाण्यात नेऊ नये. एका नोलियालाच दरवर्षी शोधून काढावे, कारण तोही आपल्याला ओळखू लागतो आणि आपल्या घरातल्या कोणाला पाण्याची भीती आहे ते लक्षात ठेवतो.

वही

एक वही ठेवावी आणि ती फक्त या प्रवासासाठी असावी. नानांची वही रेल्वेच्या जुन्या डायरीची होती आणि तिच्यात त्यांनी भावना म्हणून एक ओळ लिहिली नाही. खोलीचा क्रमांक, भाडे, पहिल्या दिवशी भरती किती वाजता आली, गाडी किती उशिरा पोहोचली, कोण कर्मचारी निवृत्त झाला, कोणाला मुलगा झाला, पंख्याचा आवाज येतो का, समोरच्या बागेत कोणते झाड उरले नाही, अशा नोंदी त्यांनी निळ्या शाईत ओळीने केल्या. मायने पहिल्यांदा समुद्रात पाय टाकला त्या दिवशीची नोंद आहे : “सकाळी ७.१०. भरती उतरती. तीही आली.” ही वही नसती तर तिथीची गोष्ट मला कधीच उमगली नसती. म्हणून माझा आग्रह आहे की छायाचित्रे कितीही काढली तरी वस्तुस्थिती शब्दांत लिहावी, आकडे लिहावेत, आणि लिहिण्याचे काम आळीपाळीने मुलांकडे द्यावे.

बदल झाल्यावर

जुने हॉटेल जसेच्या तसे राहावे अशी अपेक्षा धरणाऱ्याने परतण्याचा विचार सोडावा. व्यवस्थापन बदलते, रंग बदलतो, जेवणाचा क्रम बदलतो, ओळखीची माणसे निवृत्त होतात. माझा नियम असा आहे की पहिल्या दिवशी कशाचीही तक्रार करायची नाही. जे बदललेले दिसेल ते वहीत लिहायचे आणि चौथ्या दिवशी पुन्हा वाचायचे; तोपर्यंत निम्म्या गोष्टींची सवय झालेली असते. उरलेल्या गोष्टींपैकी ज्या वास्तूच्या जिवावर येणाऱ्या असतील, जसे जुने लाकूड काढून पत्रा बसवणे किंवा व्हरांडा बंद करून खोल्या वाढवणे, त्यांविषयी व्यवस्थापकांना शांतपणे, लेखी आणि नाव घालून कळवावे. वर्षानुवर्षे येणाऱ्या पाहुण्याच्या पत्राला वजन असते, आणि ते वजन बशीच्या आणि चादरीच्या तक्रारीत खर्चून टाकू नये.

आपत्तीनंतरचे वर्ष वेगळे असते. ३ मे २०१९ रोजी फनी चक्रीवादळ पुरीजवळच किनाऱ्यावर आदळले. आम्ही दुसऱ्या दिवसापासून ओळखीच्या माणसांना फोन लावत होतो आणि कित्येक दिवस कोणाचाच लागत नव्हता. पुढच्या माघात जावे की नाही यावर घरात बराच खल झाला. आम्ही गेलो. कोणार्कच्या रस्त्यालगतची सुरूची झाडे आडवी झालेली पाहून माय गाडीत काही बोललीच नाही. परंतु ज्यांची घरे त्या वादळाने उघडी पाडली होती तेच लोक आमच्या पिशव्या उचलायला पुढे आले, आणि त्या वर्षी आमचे येणे त्यांना किती हवे होते ते मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसले. अशा वेळी आधी फोन करून पाणी, वीज, वाहतूक सुरळीत आहे का ते विचारावे. असेल तर प्रवास रद्द करू नये, सवलत मागू नये, आणि औषधे किंवा जाड चादरी अशी लागणारी वस्तू विचारून न्यावी. २०२१ मध्ये मात्र साथीमुळे आम्ही गेलो नाही. त्या पौर्णिमेला कोणार्कहून आणलेला शंख मायने देवघरातून काढून अंगणात ठेवला होता.

घरातले जाणारे माणूस कमी झाले की पहिले वर्ष चुकवावेसे वाटते. नाना गेल्यावर आम्हांलाही वाटले होते. त्या वर्षी शक्य असल्यास जावेच, परंतु मृत माणसाची आवडती खुर्ची रिकामी ठेवण्याचा आग्रह धरू नये; तिथे एखाद्या मुलाला बसवावे. कर्मचाऱ्यांना आधी फोनवर कळवून ठेवावे, म्हणजे दारातच “बाबा कुठे?” असे कोणी विचारत नाही आणि सांगणाऱ्याचा व ऐकणाऱ्याचा कोंडमारा टळतो.

पुढच्या वर्षाची तयारी प्रतिपदेच्या सकाळीच, हॉटेल सोडताना करावी. आम्ही हिशेब चुकता केल्यावर स्वागतकक्षातच पंचांग उघडतो, पुढची रथसप्तमी पाहतो आणि तारखा तिथल्या माणसाला लिहून देतो. अधिक महिना आला की तारीख जवळजवळ तीन आठवडे पुढे जाते, याची आठवण त्यांना करून द्यावी लागते : २०२६ मध्ये माघ पौर्णिमा १ फेब्रुवारीला होती, परंतु त्या वर्षी ज्येष्ठ अधिक असल्यामुळे २०२७ मध्ये ती २० फेब्रुवारीला येते. म्हणजे रथसप्तमी १३ फेब्रुवारीला, निघणे १४ ला, आणि गाडी आदल्या संध्याकाळी अहमदाबादहून सुटणारी असेल तर आरक्षण १५ डिसेंबरला सकाळी खुले होईल. वांगी बारा तारखेच्या बाजारातून घ्यावीत.